वॉरंटी नाकारली? आधी 'लेखी द्या' म्हणा



ट्रॅक्टर, पॉवर टिलर, वीडर, ब्लोअर घेताना आपण भाव करतो, हप्ता बसवतो, पेढे वाटतो. वॉरंटीचं पुस्तक मात्र प्लास्टिकच्या पिशवीत जातं, ते मशीन बंद पडल्यावरच बाहेर येतं. आपल्या एका द्राक्ष बागायतदार सभासदाचा अनुभव त्यांच्या परवानगीने देत आहोत. नाव-गाव मुद्दाम दिलेलं नाही. पूर्ण वाचा, घरातल्या मुलांनाही वाचायला द्या.

🚜 *झालं काय?*

पाडव्याला त्यांनी बागेसाठी मिनी ट्रॅक्टर घेतला. नंतर घरात आजारपण निघालं, फवारणीचं काम भावाच्या ट्रॅक्टरवर भागलं. नवा ट्रॅक्टर शेडमध्येच राहिला. ऑक्टोबर छाटणीनंतर ब्लोअर जोडला, तर लिफ्ट वर थांबेना. उचलली की दोन मिनिटांत खाली. मीटरवर तास किती? फक्त ४१!

शोरूममध्ये उत्तर मिळालं, "भाऊ, पहिली सर्व्हिस चुकली तुमची. वॉरंटी गेली. खर्च तुम्हाला करावा लागेल."

सभासद म्हणाले, "अहो, पहिली सर्व्हिस ५० तासांची. माझे ५० झालेच कुठे?"

इथे चूक त्यांचीही होती. पुस्तकात ५० तास *किंवा* ठरावीक दिवस, जे आधी होईल ते, असं लिहिलेलं होतं. तास भरले नव्हते, दिवस भरून गेले होते. मशीन उभं असलं तरी दिवस मोजले जातात, हे आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात येत नाही.

📖 *पुस्तकातला एक शब्द*

बाग फुटायला लागलेली, डाऊनीची भीती, फवारणी एक दिवसही थांबवता येत नाही. अशा वेळी माणूस म्हणतो, जाऊ दे, पैसे भरू. त्यांनीही पाकीट काढलं होतं. पण मुलीने पुस्तकाच्या अटी मोठ्याने वाचून दाखवल्या. सर्व्हिस चुकली की सगळी वॉरंटी रद्द, असं त्यात नव्हतंच. वेळेवर देखभाल न केल्या*मुळे* झालेला बिघाड वॉरंटीत धरला जाणार नाही, असं होतं.

सगळा वाद त्या 'मुळे' वर होता. तेल न बदलल्यामुळे लिफ्ट खराब झाली, की लिफ्टमध्ये मुळातच दोष होता? हे मशीन न उघडता काउंटरवर बसून कोणाला सांगता येत नाही.

(प्रत्येक कंपनीचं पुस्तक वेगळं असतं. तुमच्या पुस्तकात काय आहे ते तुम्हीच वाचा.)

✍️ *त्यांनी काय केलं?*

१) शोरूममध्ये भांडले नाहीत. तक्रार जॉब कार्डवर स्वतःच्या शब्दांत लिहून घेतली: "लिफ्ट वर थांबत नाही, तास ४१." त्याचा फोटो काढला.

२) मीटरचा, चेसिस व इंजिन नंबरचा फोटो आणि लिफ्ट खाली येतानाचा व्हिडिओ काढला.

३) ओळखीच्या मिस्त्रीला हात लावू दिला नाही. बाहेर एकदा मशीन उघडलं की दोष कोणाचा, हे सिद्ध करणं अवघड होतं.

४) डीलर आणि उत्पादक कंपनी, दोघांनाही ई-मेल केला आणि रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं. मजकूर थोडक्यात असा:

_"माझ्या ट्रॅक्टरची लिफ्ट वॉरंटी काळात नादुरुस्त झाली आहे. वॉरंटी नाकारण्याचं कारण व पुस्तकातील नेमकी अट लेखी कळवावी. चुकलेल्या सर्व्हिसमुळेच हा बिघाड झाला, हे कोणत्या तपासणीवरून ठरवलं ते सांगावं. कंपनीच्या इंजिनिअरने माझ्यासमोर तपासणी करावी. काढलेले भाग निर्णय होईपर्यंत जपून ठेवावेत. १५ दिवसांत उत्तर द्यावं."_

तोंडी नकार देणं सोपं असतं. लेखी नकार द्यायचा तर कारण शोधावं लागतं.

🔧 *निकाल काय लागला?*

कंपनीचा इंजिनिअर आला. सभासदासमोर हायड्रॉलिक उघडलं. तेल स्वच्छ होतं, गाळणीत कचरा नव्हता. कंट्रोल व्हॉल्व्हमधून तेल झिरपत होतं. म्हणजे चुकलेल्या सर्व्हिसचा या बिघाडाशी संबंध लागला नाही. व्हॉल्व्ह वॉरंटीत बदलून मिळाला.

सगळंच मिळालं असं नाही. राहिलेल्या सर्व्हिसचं तेल, फिल्टर आणि ट्रॅक्टर नेण्याचं भाडं त्यांनी स्वतः भरलं. मधले सहा आठवडे भाड्याच्या ब्लोअरवर काढले, तो खर्चही अंगावर पडला. "सर्व्हिस वेळेत केली असती तर बोलायला जागाच राहिली नसती," असं ते स्वतःच सांगतात.

⚖️ *कंपनीने ऐकलंच नाही तर?*

▪️ राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन *१९१५* वर फोन करून तक्रार नोंदवा. तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

▪️ त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. खरेदी ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइनही दाखल होते. वकील लावलाच पाहिजे असं नाही.

▪️ तक्रारीला कारण घडल्यापासून *२ वर्षांची* मुदत आहे. 'बघू, करू' म्हणत ती घालवू नका.

▪️ "शेतकरी ग्राहक नाही, मशीन धंद्यासाठी घेतलं," असं कोणी म्हणालं तर गप्प बसू नका. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू कायद्याने ग्राहकाचीच आहे. बियाण्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही २०१२ मध्ये शेतकऱ्याला ग्राहक मानलं आहे.

▪️ दोष ठरवण्यासाठी गरज पडली तर आयोग तज्ज्ञांकडून तपासणी करून घेऊ शकतो. म्हणून बिघडलेला भाग भंगारात देऊ नका.

⚠️ *या चुका टाळा*

❌ वाद चालू आहे म्हणून बँकेचा हप्ता थांबवू नका. कर्ज वेगळं, वॉरंटी वेगळी. हप्ता चुकला तर नुकसान तुमचंच.
❌ कोऱ्या किंवा न वाचलेल्या जॉब कार्डवर सही करू नका. काम झालं नसताना 'समाधानी' लिहून देऊ नका.
❌ डीलरशी झालेले मेसेज पुसू नका. फोन बदलताना आधी जपून ठेवा.
❌ बॅटरी, टायर, डिझेल पंप यांची वॉरंटी बऱ्याचदा ते बनवणाऱ्या कंपनीकडे असते. ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये वाद घालण्याआधी ते तपासा.

✅ *आजच करायचं काम*

घरात वॉरंटीतलं जे मशीन असेल त्याचं पुस्तक काढा. खरेदीची तारीख आणि पुढच्या सर्व्हिसची *तारीख* (फक्त तास नव्हे) फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. बिल, वॉरंटी कार्ड आणि मीटरचे फोटो काढून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे.

कोणाचा दावा नाकारला गेला असेल तर कागद घेऊन कार्यालयात या. पत्र लिहायला बसून मदत करू.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी 🌱