न्यूयॉर्क ते बाळापूर : विमानाचे तास आणि दफनाची वेळ

घरी मृत्यू घडतो, मुलगा अमेरिकेत असतो आणि तो फोनवर सांगतो, "विमान पंधरा तासांचे आहे." इकडे लगेच हिशेब होतो की उद्या तो पोहोचेल. दफनविधीची वेळ ठरते, नातलगांना कळविली जाते. आणि मुलगा मात्र वाटेतच असतो. म्हणून हा हिशेब नीट समजून घेतलेला बरा.

न्यूयॉर्क ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशात हा मार्ग अटलांटिक महासागर व अरबस्तानावरून येईलसे वाटते. परंतु पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून पाहावा : तो आइसलंडच्या दक्षिण भागावरून नॉर्वे, रशिया, अफगाणिस्तान असा येतो. हा सर्वांत जवळचा मार्ग असला तरी विमानाला तो नेहमी मोकळा मिळत नाही. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियाने अमेरिकन विमानांना आपले आकाश बंद केले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना मनाई केली. असा वळसा पडला की तास वाढतात.

शिवाय वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरही असतो. त्यामुळे भारताकडे येताना थेट विमानास साधारण चौदा-पंधरा तास लागतात, तर परत जाताना सोळा किंवा अधिक. दुबई वा दोहा येथे विमान बदलावे लागल्यास वीस-बावीस तास सहज जातात.

खरा घोटाळा घड्याळाचा आहे. न्यूयॉर्कची वेळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास व उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते. समजा, जानेवारीतील शनिवारी दुपारी बारा वाजता विमान निघाले. त्या वेळी बाळापुरात शनिवारचे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. साडेचौदा तासांनी, म्हणजे रविवारी दुपारी एक वाजता, विमान मुंबईस उतरेल. पासपोर्ट तपासणी, सामान, मग मुंबईची वाहतूक. अकोला रेल्वेने सुमारे ५८४ किलोमीटर. सायंकाळची गाडी मिळाली तर पहाटे अकोला आणि तेथून सव्वीस किलोमीटरवर बाळापूर. उजाडतो तो सोमवार!

अकोल्याजवळ शिवणीला धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी विमाने नाहीत. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची सेवा सुरू झाली, परंतु तिचा दिवस व वेळ जुळेलच असे नाही.

अमेरिकन नागरिकत्व घेतलेल्या मुलाकडे ओसीआय कार्ड नसेल तर व्हिसाचा वेळ वेगळा धरावा. तिकिटावरील वेळा त्या-त्या गावच्या असतात. उतरण्याच्या वेळेपुढे +१ असे छापले असल्यास तो दुसरा दिवस समजावा. तेव्हा मुलाला 'किती तास' असे न विचारता अकोल्याला कोणत्या तारखेला, कोणत्या गाडीने उतरणार हे विचारावे आणि मगच शवागाराची व्यवस्था व दफनाची वेळ धर्मगुरूंशी बोलून ठरवावी.