तारांनी तोललेले विमान

पहिल्या महायुद्धातील एस. ई. ५ ए या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पंखांचा विस्तार आठ मीटरांहून किंचित अधिक होता. एकास अठ्ठेचाळीस या प्रमाणात त्याची प्रतिकृती केली, तर ती सतरा सेंटिमीटरांत बसते. शाळकरी वहीवर सहज ठेवता येते. इंग्लंडमधील फार्नबरोच्या सरकारी विमान-कारखान्यात आखलेल्या या द्विपंखी जातीची पाच हजारांवर विमाने बांधली गेली. जगभरच्या छांदिष्टांना त्याची प्रतिकृती करावीशी वाटते, ती त्याच्या सुबक घडणीमुळे. आपल्याला ते जवळचे वाटण्याचे कारण मात्र वेगळे आहे. कलकत्त्यास जन्मलेले इंद्रलाल रॉय १९१८ च्या जुलैत याच विमानातून लढले.

रॉय यांचे शालेय शिक्षण लंडनमध्ये झाले. डिसेंबर १९१७ मध्ये त्यांच्या विमानास अपघात होऊन ते जबर जखमी झाले. बरे होण्याच्या त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी विमानांची रेखाचित्रे काढली, आणि त्यांतील बरीचशी टिकून राहिली आहेत. पुढे चाळीस क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये असताना सुमारे दोन आठवड्यांत त्यांच्या नावे दहा हवाई विजय नोंदले गेले. २२ जुलै १९१८ रोजी फ्रान्सच्या आकाशात ते पडले, तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी हे त्यांचे भाचे. आणि मुखर्जींच्या पत्नी शारदाबाई या माहेरच्या मराठी, पुढे रत्नागिरीच्या खासदार झालेल्या.

या विमानाचे प्लॅस्टिकचे संच विकत मिळतात. त्यांतील सुटे भाग कापून, कानशीने घासून चिकटवणे हे काम तसे सोपे. परंतु पंखांकडे लक्ष द्यावे. मूळ पंख म्हणजे लाकडी सांगाड्यावर ताणून शिवलेले लिननचे कापड. त्यावर डोप नावाचा द्रव फासला, की वाळताना ते ढोलाच्या कातड्यासारखे तटतटून बसे. काही संचांत मात्र फासळ्यांमधले कापड असे खोलगट दाखवलेले असते, की दुष्काळातल्या गुरांची आठवण व्हावी! अशा फासळ्या काचकागदाने सौम्य कराव्यात.

रंगाविषयी तज्ज्ञांत एकवाक्यता नाही. वरच्या बाजूचा पी. सी. १० हा लेप पिवळी गेरू व काजळी यांच्या मिश्रणाचा होता. तो कोणाला हिरवट दिसतो, कोणाला तपकिरी. ऊन-पाऊस आणि काळ यांनी तो अधिक तपकिरी होत जातो, हे या वादाचे एक मूळ आहे. आमच्या मते रॉय यांचे विमान करावयाचे, तर ताजी, हिरवट छटाच घ्यावी. आघाडीवरच्या विमानांना जीर्ण होण्याइतके आयुष्य क्वचितच लाभे. पंखांची खालची बाजू मात्र कापडाच्या स्वाभाविक सायीच्या रंगाचीच ठेवावी.

खरी कसोटी लागते ती तारांची. वरचा आणि खालचा पंख यांमधील आधारदांडे पंखांना एकमेकांपासून दूर ठेवतात. पण ते जागच्या जागी राहतात ते ताणलेल्या तारांमुळे. विमानाच्या धडाच्या तळापासून निघून बाहेरच्या दांड्यांच्या माथ्यास जाणाऱ्या तारा उड्डाणाच्या वेळी वर उचलले जाणारे पंख धरून ठेवतात. वरच्या मध्यापासून खाली बाहेरच्या बाजूस उतरणाऱ्या तारा विमान जमिनीवर असताना पंखांचा भार पेलतात. हा फरक समजला, की कोणती तार कोठून कोठे न्यावयाची हे नकाशा न पाहताही उमगू लागते. वरचा पंख चिकटवण्यापूर्वीच बारीक गिरमिटाने छिद्रे पाडून घ्यावीत, रंगकामही उरकावे. नंतर तेथे कुंचला पोहोचत नाही. तारेसाठी मासे धरण्याच्या गळाचा अगदी बारीक धागा चालतो, अथवा संचाच्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून जरा दूर धरून मऊ झाला की ओढावा. मूळ तारा गोल नव्हत्या. हवा कापता यावी म्हणून चपट्या होत्या. एवढे बारकावे पाहावयाचे, तर इंग्लंडमधील शटलवर्थ संग्रहातील विमानाची छायाचित्रे समोर ठेवावीत. ते मूळचे, आजही उडणारे विमान आहे.

वरच्या पंखावरील लुईस बंदूक एका वक्र रुळावर बसवलेली असे. गोळ्यांची तबकडी रिकामी झाली, की वैमानिक ती बंदूक रुळावरून स्वतःकडे ओढून घेई आणि एका हाताने विमान सांभाळत दुसऱ्याने नवी तबकडी चढवी, तीही उघड्या बैठकीत, अंगावर वारा झेलत. संचातील तो रूळ गवताच्या काडीएवढा असतो. तो वळणावर मोडतो, म्हणून सर्वांत शेवटी बसवावा.

आसन मात्र धडाचे दोन अर्धे जोडण्याआधीच पुरे करावे लागते. कागदाच्या पट्ट्या कापून त्यावर कमरेचा पट्टा करावा. वैमानिकाची मूर्ती बसवायची असल्यास तिच्यामागे हवाई छत्री करू नये. त्या युद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांच्या वैमानिकांना हवाई छत्री दिली जात नसे.