चिरकारी यकृतविकारातील व्हायरसजन्य यकृतशोथ
दीर्घकाळ विकृत असलेल्या यकृतास यकृतशोथकारक व्हायरसाचा नव्याने संसर्ग झाल्यास उद्भवणारी अवस्था. मद्यपान, यकृतातील मेदसंचय, यकृतशोथ-बी व सी व्हायरसांचा दीर्घ संसर्ग इ. कारणांनी यकृताचा चिरकारी (दीर्घकालीन) विकार जडतो व त्याचे पर्यवसान यकृत सूत्रण रोगात (निरोगी ऊतकाची जागा तंतुमय ऊतकाने घेण्याच्या विकृतीत) होऊ शकते. अशा व्यक्तींत एरवी आपोआप बरी होणारी कावीळही प्राणघातक ठरू शकते.

निरोगी यकृताची राखीव क्षमता मोठी असते. दूषित पाणी व अन्न यांतून शिरणारे ए व ई व्हायरस यकृत कोशिकांचा नाश प्रत्यक्षपणे फारसा करीत नाहीत. संसर्गित कोशिकांवर शरीराची प्रतिरक्षा यंत्रणाच हल्ला करते. निरोगी यकृत ही हानी काही आठवड्यांत भरून काढते. सूत्रण रोगात मात्र कार्यक्षम कोशिका मुळातच थोड्या व त्यांच्या पुनर्जननास तंतुमय ऊतकाचा अडथळा असतो. परिणामी कावीळ वाढत जाते, रक्त साखळण्यास लागणारी प्रथिने अपुरी पडतात, जलोदर होतो आणि अमोनियादी विषारी द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचून ग्लानी व बेशुद्धी येते. पुष्कळदा पाठोपाठ वृक्कही (मूत्रपिंडेही) निकामी होतात.

१९८८ मध्ये शांघाय येथे दूषित शिंपल्यांतील कच्चे मांस खाल्ल्याने सुमारे ३ लाख लोकांना यकृतशोथ-ए झाला. एकंदर मृत्यू अत्यल्प होते. परंतु यकृतशोथ-बी व्हायरसाच्या वाहकांत त्यांचे प्रमाण इतरांपेक्षा काही पटींनी जास्त होते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील एका पाहणीत यकृतशोथ-सी असलेल्या १७ जणांना ए व्हायरसाचा संसर्ग झाला. त्यांपैकी ७ जणांचे यकृत झपाट्याने निकामी होऊन ६ दगावले. नंतरच्या काही पाहण्यांत एवढे प्रमाण आढळले नाही, तरी धोका नाकारता येत नाही. भारतात सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून पसरणारा ई व्हायरस अशा बिघाडाचे एक महत्त्वाचे कारण आहे.

डी व्हायरसाची तऱ्हा निराळी आहे. मारिओ रिझेट्टो यांनी १९७७ मध्ये तूरिन येथे वर्णन केलेल्या या व्हायरसाचे आवरण बी व्हायरसाच्या प्रथिनाचे असल्याने तो एकट्याने टिकू शकत नाही. बी-वाहकास त्याचा संसर्ग झाल्यास तो बहुधा कायमचा ठरतो व सूत्रण रोग लवकर होतो.

निदानातील मुख्य अडचण अशी की, जुन्या रुग्णाची वाढलेली कावीळ मूळ रोगाचीच मानली जाते. रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांची तपासणी केल्यास नवा संसर्ग ओळखता येतो. गावोगाव काविळीवर दिल्या जाणाऱ्या मुळ्यापाल्याच्या औषधांची ख्याती पुष्कळशी रोग आपोआप बरा होण्यावरच आधारलेली आहे. सूत्रण रोग्याच्या बाबतीत त्यांपायी गेलेले दिवस महागात पडतात. शिवाय अनेकांना आपला मूळ विकार ठाऊकच नसतो.

यकृतशोथ-ए व ई यांवर बहुधा लक्षणानुसारी उपचार करतात, तर बी व्हायरसावर प्रतिव्हायरस औषधे ताबडतोब सुरू करतात. बिघाड पराकोटीचा असल्यास यकृत प्रतिरोपण हाच उपाय उरतो. ए व बी यांच्या प्रतिबंधक लशी उपलब्ध असून बी-लशीमुळे डी-संसर्गही टळतो. यकृत जसजसे खालावते तसतसा लशीला मिळणारा प्रतिसाद घटतो, म्हणून मूळ विकाराचे निदान होताच लस टोचणे इष्ट असते. ई व्हायरसावरील लशीस चीनमध्ये २०११ साली मान्यता मिळाली. तिचा वापर मर्यादित असल्याने अशा रुग्णांनी पाणी उकळून पिणे व शिंपल्यांतील मांस पूर्ण शिजविल्याविना न खाणे आवश्यक असते.