निलंबन-उंची, मोटारगाडीच्या मागील चाकांची

सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या मोटारगाडीच्या मागील स्प्रिंगा गाडीच्या भाराने दबून स्थिरावल्यानंतर सांगाड्याची जमिनीपासून जी उंची राहते, तिला मागील निलंबन-उंची म्हणतात. ही उंची गाडीच्या मूळ आराखड्यात ठरलेली असते. दीर्घकाळच्या वापराने स्प्रिंगांच्या पोलादात थोडा कायमचा बदल होतो व गाडी मागे बसल्यासारखी दिसते. तसेच दुरुस्तीच्या वेळी भाग चुकीच्या जागी बसविले गेल्यास ती एका बाजूस कलते किंवा मागे प्रमाणाबाहेर उचलली जाते. त्यामुळे जुन्या गाडीच्या पुनरुज्जीवनात ही उंची पुन्हा जुळवावी लागते. जुळणीची रीत स्प्रिंगेच्या प्रकारानुसार बदलते. येथे फोक्सवॅगन बीटल या जर्मन गाडीच्या मागील परिपीडन दंडाचे (पीळ दिला असता स्प्रिंगेप्रमाणे वागणाऱ्या दंडाचे) विवेचन मुख्यत्वे केले आहे. या गाडीत अत्यंत सूक्ष्म जुळणीची सोय मुळातच केलेली असून उंची चुकल्यास होणारे परिणामही तिच्यात स्पष्ट दिसतात.

रचना : मोटारगाडीसाठी परिपीडन दंड वापरण्याच्या कल्पनेचे एकस्व (पेटंट) फेर्डिनांट पोर्शे यांच्या संस्थेने १९३१ मध्ये मागितले. १९३४ मध्ये विक्रीस आलेल्या सित्रोएन या फ्रेंच कंपनीच्या ‘त्राक्सियाँ आव्हाँ’ या गाडीतही असे दंड होते. बीटलचे नागरी उत्पादन व्होल्फ्सबुर्ख येथे १९४५ च्या अखेरीस सुरू झाले आणि शेवटची गाडी मेक्सिकोतील प्वेब्ला येथे २००३ मध्ये तयार झाली. या काळात गाडीत असंख्य बदल झाले. मागील परिपीडन दंडाचे तत्त्व मात्र अखेरपर्यंत टिकले.

सांगाड्याच्या मागील भागात एक आडवी पोलादी नळी असते. तिच्यात डाव्या व उजव्या चाकासाठी एकेक भरीव गोल दंड असतो. दंडाचे आतील टोक नळीच्या मध्यभागी पक्के धरलेले असते आणि बाहेरील टोकावर मागे जाणारा एक चपटा पोलादी बाहू बसविलेला असतो. या बाहूच्या मागील टोकास चाकाच्या आसाची नळी बोल्टांनी जोडतात. चाक वर गेले की बाहू फिरतो, दंडास पीळ बसतो आणि पिळाच्या विरोधाने गाडीचा भार तोलला जातो. दंडाचा ताठपणा त्याच्या व्यासाच्या चतुर्थ घातानुसार वाढतो व लांबीनुसार कमी होतो. बाहू कोणत्या कोनात बसविला आहे यावर तो अवलंबून नसतो. उंची वाढविली म्हणजे स्प्रिंग अधिक ताठ झाली, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

दात्यांची योजना : दंडाची दोन्ही टोके दातेरी असतात. आतील टोकावर ४० व बाहेरील टोकावर ४४ दाते असतात. आतील टोक एक दात फिरविले तर दंड ९° फिरतो. बाहेरील टोकावर बाहू एक दात सरकविला तर त्याचा कोन सुमारे ८° १०′ बदलतो. यांपैकी एकच टोक फिरविले तर बदल फार ढोबळ होतो. बाहू ४० सेंमी. लांब धरल्यास एका बाहेरील दात्याने त्याचे टोक साडेपाच सेंमी.हूनही अधिक खालीवर होते. परंतु आतील टोक एका दिशेस एक दात आणि बाहू विरुद्ध दिशेस एक दात असे फिरविल्यास निव्वळ फरक सुमारे ५०′ एवढाच उरतो व तेवढ्याच लांबीच्या बाहूचे टोक ६ मिमी.च्या आसपास हलते. व्हर्नियर मोजपट्टीत दोन किंचित भिन्न अंशनांचा जो उपयोग करतात, तोच येथे दात्यांकडून करून घेतला आहे.

समजा, बाहूचा विहित कोन १७° ३०′ असून प्रत्यक्षात तो १५° भरला. उणीव २° ३०′, म्हणजे ५०′ च्या तिप्पट आहे. अशा वेळी दंडाचे आतील टोक, बाहू खाली झुकेल अशा दिशेने, ३ दाते (२७°) फिरवितात आणि बाहू बाहेरील टोकावर ३ दाते (२४° ३०′) उलट आणतात. बाहू २° ३०′ नी अधिक झुकतो व गाडी त्या बाजूस उचलली जाते.

उंची व चाकाचा कल : ही जुळणी केवळ दिसण्यासाठी नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतच्या बीटलमध्ये मागील आस दोलक प्रकारचा होता. म्हणजे प्रत्येक बाजूचा आस फक्त दंतचक्र पेटीजवळच्या सांध्याभोवती वरखाली झुलत असे. चाक आसाशी काटकोनात पक्के असल्याने गाडीची उंची बदलताच चाकाचा कलही बदलतो. मागचा भाग उचलला गेला की चाकांचे माथे बाहेर झुकतात व ती बुडाशी जवळ येतात. भाग खाली बसला की याच्या उलट घडते. वेगाने वळण घेताना बाहेरील चाकावर येणारा आडवा जोर अशा आसाच्या द्वारे गाडीस वर उचलू पाहतो आणि चाक गाडीखाली दुमडल्यासारखे होते. मागचा भाग आधीच उंच असेल तर ही स्थिती लवकर येते. मागे इंजिन व दोलक आस अशाच रचनेच्या शेव्हरोले कॉर्व्हेअर या अमेरिकन गाडीवर राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये टीका केली, तिच्या मुळाशी हाच दोष होता. फोक्सवॅगनने पुढे प्रत्येक बाजूस दोन सांधे असलेला आस बसवून तो बहुतांशी दूर केला. नव्या दंडांमुळे उंच झालेली जुनी बीटल ‘ताजी’ दिसते खरी, पण वळणावर ती मूळ गाडीपेक्षा अधिक घातक असते.

मोजणी : मडगार्डच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजून उंची ठरविण्याची प्रथा रूढ असली, तरी ती विश्वसनीय नाही. चाकांतील हवेचा दाब, टायरचा आकार, ठोकून सरळ केलेले मडगार्ड, न बसविलेली आसने, यांपैकी कशानेही हे अंतर बदलते. पुनरुज्जीवनाच्या काळात तर गाडीचे इंजिन बहुधा बाहेरच असते. दंडावर भार नसताना बाहूचा कोन मात्र यांपैकी कशावरही अवलंबून नसतो. म्हणून कारखान्याच्या दुरुस्ती-पुस्तिकेत विहित केला जातो तो कोन. तो मोजण्यासाठी पाणसळ असलेला कोनमापक वापरतात. प्रथम दरवाज्याच्या उंबऱ्यावर मापक ठेवून सांगाडा स्वतः क्षितिजसमांतर पातळीशी किती अंश कलला आहे ते पाहतात, नंतर बाहू किंचित वर दाबून दात्यांतील ढिलाई काढतात व त्याचा कोन घेतात. दोन्ही वाचनांची, दिशा पाहून, बेरीज किंवा वजाबाकी केली म्हणजे खरा कोन मिळतो. विहित कोन प्रतिमान व उत्पादन-वर्ष यांनुसार निरनिराळे आहेत. त्यामुळे सांगाड्याचा क्रमांक पाहूनच तो घ्यावा लागतो.

कार्यपद्धती : गाडी घोड्यांवर पक्की ठेवून चाक व धक्काशोषक काढतात. आसाची नळी बाहूपासून सोडविण्यापूर्वी दोहोंवर छिन्नीने खूण करणे आवश्यक असते, कारण त्या जोडातील छिद्रे लांबट असून खूण हरवल्यास चाकाची पुढेमागेपणाची दिशा बिघडते. गाडी उचललेली असली तरी बाहू सांगाड्यावरील एका अडणीवर टेकलेला व दंड पीळलेलाच असतो. बाहू त्या अडणीवरून खाली उतरविण्याचा क्षण सर्वांत धोक्याचा होय : आधार न देता पहारीने तो उचकटला, तर तो हाताची हाडे मोडण्याइतक्या जोराने खाली येतो. त्याखाली जॅक धरून पीळ हळूहळू सोडतात.

बाहेर काढलेल्या दंडाचा रंग सर्वत्र शाबूत असावा लागतो. पिळाचा ताण पृष्ठभागावर सर्वाधिक असल्याने गंजाचा एखादा खळगाही शिणवट्याने पडणाऱ्या तड्याचे मूळ ठरतो. दंड तयार करताना त्यांस एका दिशेने पूर्वताण दिलेला असतो व टोकावर डावा किंवा उजवा दर्शविणारे अक्षर असते. त्यांची अदलाबदल चालत नाही. दात्यांना वंगण लावतात, पण रबरी बुशांना तेल न लावता शंखजिऱ्याची पूड लावतात. नंतर बाहू पुन्हा अडणीवर चढवून झाकण बसवितात. दोन्ही बाजूंचे कोन एकच असले पाहिजेत. शेवटी चाकांची दिशा तपासतात.

कोन विहित असूनही सर्व भारासह उभी केलेली गाडी बसलेलीच राहिली, तर दोष दंडाच्या पोलादात आहे असे समजावे. दाते फिरवून उंची वाढविता येते, तरी शिणलेला दंड वापरात ठेवणे इष्ट नव्हे.

पट्टी स्प्रिंगांच्या गाड्या : मुंबईतील कुर्ला येथे बनलेली प्रीमिअर पद्मिनी किंवा उत्तरपाडा येथील अँबॅसडर यांसारख्या गाड्यांत मागील आस अखंड असून तो अर्धविवृत्तीय पट्टी स्प्रिंगांवर (पाट्यांवर) टेकलेला असतो. त्यांत दात्यांची सोय नसते. बसलेले पाटे पुन्हा कमानदार करून घेतात किंवा बदलतात. पाटे भट्टीत लाल करून वाकविल्यास त्यांवरील उष्णता-संस्करण नष्ट होते आणि नंतर योग्य रीतीने पाणी दिले नाही तर काही महिन्यांतच ते पुन्हा सपाट होतात. थंड स्थितीत ठोकून कमान देणे त्या मानाने बरे. पाट्यांचे जादा पान घालून उंची साधल्यास, परिपीडन दंडाच्या जुळणीत घडत नाही ते येथे घडते : स्प्रिंग खरोखरच ताठ होते व रिकामी गाडी खडबडीत रस्त्यावर उडू लागते. अखंड आसामुळे चाकांचा कल मात्र उंचीने बदलत नाही.