आयआयएमची शक्यता कशी मोजावी

डिसेंबरात कॅट या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो: एवढ्या पर्सेंटाइलवर आयआयएम मिळेल का? प्रश्न साहजिक आहे, पण त्याचं उत्तर त्या एका आकड्यात नसतं. पर्सेंटाइल फक्त रांगेतली जागा सांगतं. २०२४च्या कॅटला सुमारे २ लाख ९३ हजार विद्यार्थी बसले होते. त्यांत ९९ पर्सेंटाइल म्हणजे आपल्या पुढे आणखी जवळपास २,९०० जण, आणि ९८ असेल तर ५,८००च्या घरात. आयआयएम अहमदाबादच्या दोन वर्षांच्या मुख्य अभ्यासक्रमात जागा साधारण ४००. ओबीसी २७, एससी १५, एसटी साडेसात आणि आर्थिक दुर्बल घटकांचे १० टक्के वजा केले की खुल्या उरतात १६०च्या आसपास. शंभरातल्या नव्व्याण्णवांना मागे टाकलेली मुलगीसुद्धा प्रवेशापासून बरीच लांब असू शकते. पालकांना हे पचायला जड जातं, कारण दहावीत ९९ टक्के म्हणजे कुठलंही कॉलेज खुलं, असंच आपण वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत.

मग शक्यता मोजायची कशी? माझ्या मते, टप्पे वेगळे करून. मुलाखतीचा कॉल येईल का हा एक प्रश्न. कॉल आल्यावर तो कन्व्हर्ट होईल का, म्हणजे प्रत्यक्ष प्रवेश मिळेल का, हा दुसरा. संस्थेने जाहीर केलेलं किमान पर्सेंटाइल गाठलं म्हणजे अर्ज विचारात घेतला जाईल, एवढंच. प्रत्यक्ष कॉल कोणाला जातात हे कॅट, दहावी, बारावी, पदवीचे गुण आणि नोकरीचा अनुभव यांच्या बेरजेवर ठरतं, आणि ही बेरीज प्रत्येक संस्था आपल्या पद्धतीने करते. बंगळूरची संस्था दहावी-बारावीचे गुण त्या-त्या बोर्डातल्या वरच्या गुणांशी ताडून घेते. त्यामुळे राज्य मंडळाच्या ८८ टक्क्यांची सीबीएसईच्या ९४शी सरळ तुलना करून खचून जाणं चुकीचं. अहमदाबादला पदवीच्या शाखांचे गट पाडून प्रत्येक गटातल्या वरच्या काही उमेदवारांना बोलावलं जातं, म्हणजे कला शाखेच्या मुलीची स्पर्धा सगळ्याच इंजिनिअरांशी नसते. कन्व्हर्ट होण्याचा हिशोब तर आणखी निराळा. अहमदाबादच्या अलीकडच्या धोरणात अंतिम गुणांपैकी निम्मे मुलाखतीचे आहेत आणि कॅटचे फक्त पाव. ज्या आकड्यासाठी वर्षभर जीव काढला, त्याचं वजन शेवटच्या टप्प्यावर इतकं कमी होतं. ही धोरणं दरवर्षी प्रसिद्ध होतात आणि बदलतातही. ती न वाचता बांधलेला अंदाज म्हणजे नुसती इच्छा.

यावर हमखास ऐकू येणारा आक्षेप असा: अमक्याला ९६ला कॉल आला, मग मला का नाही येणार? आला असेलही. पण त्याचा प्रवर्ग कोणता, दहावीला गुण किती, नोकरी किती वर्षं, संस्था कोणती, हे सांगितल्याशिवाय ते उदाहरण आपल्या उपयोगाचं नाही. शिवाय ९६ असूनही कॉल न आलेले हजारो जण आपली गोष्ट कुणाला सांगत फिरत नाहीत. क्लासच्या जाहिरातीतही यशस्वी चेहरेच असतात. आपल्यासारखे किती जण होते आणि त्यांतल्या कितींना कॉल आले, हे कळल्याशिवाय त्या चेहऱ्यांवरून काहीच ठरवता येत नाही. दुसरी समजूत अशी की सहा-सात आयआयएमना अर्ज केला म्हणजे शक्यता सहा-सात पट वाढली. तसं होत नाही. त्या सगळ्या संस्था तोच कॅटचा गुण आणि तेच दहावीचे टक्के पाहतात. एका ठिकाणी कमी पडलेली गोष्ट बहुतेक सगळीकडे कमी पडते. शक्यता खरोखर वाढते ती वेगळा निकष लावणाऱ्या संस्थांमुळे. एक्सएलआरआयसाठी झॅट, सिंबायोसिससाठी स्नॅप या परीक्षाच वेगळ्या. मुंबईचं एस. पी. जैन उमेदवाराच्या प्रोफाइलकडे बारकाईने पाहतं. आणि महाराष्ट्रातल्या मुलांनी दुय्यम समजू नये असा पर्याय म्हणजे राज्याची एमबीए सीईटी. तिच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्यांतून जमनालाल बजाजसारख्या संस्थेत प्रवेश मिळतो, आणि तिथे मुलाखत नाही, दहावीच्या टक्क्यांना वजनही नाही. दहावी-बारावीत मागे पडलेल्या, पण आता तयारी पक्की असलेल्या मुलासाठी ही वाट अनेक आयआयएमपेक्षा जास्त खुली असू शकते.

एवढा हिशोब मांडला तर मुलांची उमेद खचेल, असं काही जण कळकळीने म्हणतात. ही काळजी मी हलकी मानत नाही. परीक्षेच्या तोंडावर कुणालाही आकडे ऐकवू नयेत. पण अर्ज भरताना आणि निकालानंतर हिशोब टाळला, तर त्याची किंमत मुलांनाच मोजावी लागते: न परवडणारी अर्जांची फी, नको त्या संस्थेत लाखोंचं शैक्षणिक कर्ज, किंवा पुन्हा परीक्षा देण्यासाठी विचार न करता घेतलेला वर्षाचा ड्रॉप. मुलाखतीत नशिबाचाही भाग असतो हे खरं, पण त्यामुळे हिशोब निरर्थक ठरत नाही. तो एका आकड्याऐवजी एका पट्ट्यात मांडावा लागतो, इतकंच. ‘तुझी शक्यता ६३ टक्के’ असं सांगणाऱ्या यंत्रापेक्षा ‘दहापैकी दोन ते चार’ असं म्हणणारा जाणकार शिक्षक जास्त प्रामाणिक.

ड्रॉपच्या बाबतीत हा हिशोब सर्वांत उपयोगी पडतो. पुन्हा परीक्षा दिल्याने फक्त कॅटचा गुण बदलतो. दहावी-बारावीचे टक्के गोठलेले असतात, आणि घरी बसून काढलेलं वर्ष अनुभवात धरलं जात नाही. ९७चे ९९ झाले तरी हव्या त्या संस्थेची बेरीज गाठता येते का, हे तिच्या धोरणातले आकडे घालून आधी पाहावं. तेवढ्यानेही येत नसेल, तर तेच वर्ष नोकरी करत परीक्षा देणं बहुतेकांच्या फायद्याचं, कारण त्यात कॅट आणि अनुभव असे दोन रकाने एकाच वेळी हलतात.