बंगळुरचा करग

बंगळुरचे नाव मराठी माणसाला परिचित आहे ते शहाजीराजांच्या जहागिरीमुळे. विजापूरच्या फौजेने १६३८ मध्ये हे ठाणे जिंकले आणि पुढे ते राजांकडे आले. त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी, १५३७ मध्ये, केंपेगौडाने येथे मातीचा कोट घालून पेठ वसविली होती. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीवरील या गावाला जवळ मोठी नदी नाही. पावसाचे पाणी बांध घालून अडवावे, तलाव भरावेत आणि त्यांवर बागा फुलवाव्यात, हाच येथील जुना जीवनक्रम. या बागा कसणारा समाज म्हणजे तिगळ, आणि चैत्रातला करग हा त्यांचा उत्सव.

करग म्हणजे घट. स्वर्गारोहणाच्या वाटेवर पांडव पुढे गेले, द्रौपदी मागे राहिली आणि एका असुराने तिला गाठले, अशी तिगळांची कथा आहे. तिने आपल्या शक्तीतून वीरकुमारांची सेना निर्माण केली आणि असुराचा नाश केला. वीरकुमार तिला जाऊ देईनात, तेव्हा दरवर्षी काही दिवस परत येण्याचे वचन तिने दिले. पांडवांच्या मागे राहिलेल्या द्रौपदीला या लोकांनी आपलीशी केले, ही गोष्ट मोठी विलक्षण वाटते.

चैत्र पौर्णिमेच्या रात्री धर्मरायस्वामींच्या देवळातून करग निघतो. तो वाहणारा पुरुष स्त्रीवेष धारण करतो, हातात बांगड्या भरतो. मोगऱ्याच्या फुलांनी शिखरासारखा मढविलेला घट त्याच्या मस्तकावर असतो. त्याला हात न लावता, नाचत, तो पेठेच्या अरुंद गल्ल्यांतून चालतो. भोवती नागव्या तलवारी घेतलेले वीरकुमार असतात. घट पडू द्यावयाचा नाही, हा त्यांचा कडक नेम. आत काय असते ते बाहेरच्यांना सांगत नाहीत, विचारूही नये. वाटेत कॉटनपेठेतील हजरत तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यापाशी मिरवणूक थांबते आणि तेथे सन्मान स्वीकारून पुढे जाते. या थांब्याशिवाय करग पुरा झाला असे पेठेतील लोक मानीत नाहीत.

परंतु करगाचा आरंभ देवळात नव्हे, पाण्यापाशी होतो. त्याचे विधी संपंगी तलावाशी बांधलेले आहेत. हा तलाव पेठ आणि इंग्रजांची छावणी यांच्यामध्ये होता. त्यात पाणी भरलेले राहावे असे बागाईतदारांना वाटे; कोरडे पडलेले पात्र खेळाला बरे, असे छावणीतील साहेबांना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेसरघट्ट्याचे पाणी नळाने शहरात आले आणि जवळच्या तलावांची निकड सरली. पुढे संपंगी आटला. आज त्या जागी कंठीरव क्रीडागार उभे आहे. जुना धर्मांबुधी तलाव तर शहराच्या मुख्य बसस्थानकाखाली गेला आहे.

बागांवर घरे उठली आणि तिगळांपैकी पुष्कळांनी अन्य व्यवसाय धरले. तलाव गेला तरी उत्सव दुसरीकडे हलविता आला नाही, कारण देवी पाण्यातून येते, कचेरीच्या हुकुमातून नव्हे. म्हणून क्रीडागाराच्या कडेला संपंगीचे एक लहानसे कुंड करगासाठी राखून ठेवण्यात आले. चैत्रात फुले घेऊन लोक त्याच्या काठी जमतात, आणि तेथील विधी झाल्यावर पेठेतील मिरवणुकीची तयारी सुरू होते.