फिरोजा हिरवा का पडतो? मोती, पोवळे, फिरोजा आणि अकीक यांची जपणूक

ईद किंवा निकाह जवळ आला की कपाटातले डबे बाहेर निघतात. त्यात दादीची मोत्यांची माळ असते, नानीची पोवळ्याची कुडी असते, अब्बांची अकीकची अंगठी असते. चांदी काळी पडली तर सराफ उजळून देतो. मोती, पोवळे आणि फिरोजा यांचे तसे नाही. त्यांचे गेलेले पाणी सहसा परत येत नाही. आणि ते गेले की घरात कुजबुज सुरू होते : खड्याने रंग बदलला, कुणाची तरी नजर लागली, सून घरात आली आणि फिरोजा हिरवा पडला! म्हणूनच हे जिन्नस कशाने बिघडतात ते समजून घेणे गरजेचे आहे.

मोती आणि पोवळे

सूरह अर-रहमानमध्ये समुद्रातून निघणाऱ्या मोती-पोवळ्यांचा उल्लेख अल्लाहच्या देणग्यांमध्ये आला आहे. मोती शिंपल्यात थरावर थर चढून तयार होतो. पोवळे हा सागरी जीवांनी रचलेला सांगाडा असतो. दोघांचाही मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे अंड्याच्या कवचात असतो तोच. अंडे व्हिनेगरमध्ये ठेवले तर कवच विरघळते. मोत्यालाही आंबट असेच मारक आहे.

दागिने चिंच-लिंबाने घासण्याची आपल्याकडे सवय आहे. सोन्याच्या साध्या बांगडीला ते चालते, पण मोती किंवा पोवळे जडवलेल्या दागिन्याला कधीही नाही. मेंदीतही लिंबाचा रस असतो, त्यामुळे मेंदी लावताना मोत्याची अंगठी आधी उतरवावी. चांदी उजळण्याचे तयार द्रावण, टूथपेस्ट आणि सोडा हेही वर्ज्य.

अत्तर, तेल, पावडर आधी लावावी; मोती सर्वांत शेवटी घालावेत. उतरवल्यावर मऊ सुती कापड किंचित ओले करून घाम पुसावा आणि सावलीत सुकवावे. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवू नये, मलमलच्या कापडात गुंडाळावे. माळ नेहमी वापरात असेल तर एक-दोन वर्षांनी नव्या रेशमी धाग्यात ओवून घ्यावी. दोन मोत्यांमध्ये गाठ मारायला सांगावे. धागा तुटला तरी सगळे मोती विखुरत नाहीत.

फिरोजा

इराणमधील निशापूरचा फिरोजा शतकानुशतके नावाजलेला आहे. हा खडा सच्छिद्र असतो. घाम, अत्तर, खोबरेल तेल, साबणाचे पाणी तो हळूहळू शोषतो आणि निळ्याचा हिरवट होतो. कडक ऊन आणि उष्णतेनेही त्याचा रंग उतरतो. त्याला पाण्यात भिजवू नये, कोरड्या मऊ कापडाने पुसावे. स्वयंपाक आणि धुणी-भांडी करताना तो बोटात नसावा.

अकीक

अकीक या सर्वांत टणक. काठिण्याच्या दहाच्या मापात मोती अडीच ते साडेचार, पोवळे तीन ते चार, फिरोजा पाच ते सहा आणि अकीक साडेसहा ते सात. म्हणून हे सगळे एकाच डबीत टाकले तर अकीक मोत्याला ओरखडे पाडतो. प्रत्येकाला वेगळा कप्पा हवा.

गुजरातमधील रतनपूरचा अकीक खंभातच्या कारागिरांकडे जातो. दगड तापवला की त्यातल्या लोहामुळे त्याला लाल रंग चढतो. असा अकीक कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुता येतो. मात्र गरम खडा एकदम थंड पाण्यात घालू नये, तडा जाऊ शकतो. बाजारातले भडक निळे-गुलाबी अकीक बहुधा रंगवलेले असतात. ते उन्हात फिके पडतात.

वुजू करताना

अंगठी घट्ट असेल तर ती हलवून किंवा काढून खालच्या त्वचेपर्यंत पाणी पोहोचवावे लागते. मोती किंवा फिरोजाची अंगठी असेल तर ती काढणेच बरे. मोती बहुतेक वेळा दांडीवर चिकटवलेला असतो आणि रोजच्या पाण्याने ती पकड सैल होते. काढलेली अंगठी नळाच्या कठड्यावर ठेवू नका, खिशातल्या लहान थैलीत टाका. मोरीत वाहून गेलेल्या अंगठ्या बऱ्याचदा अशाच हरवतात.

खडा म्हणजे तकदीर नव्हे

हबशी खडा असलेली चांदीची अंगठी प्रेषित मुहम्मद (स.) वापरत, असा उल्लेख हदीसमध्ये आहे. म्हणजे खडा वापरणे जायज आहे. पण नफा-नुकसान त्याच्या हाती नाही. हजरे अस्वदसारख्या पवित्र दगडाविषयीसुद्धा हजरत उमर (रजि.) यांनी हेच बजावले होते. तेव्हा फिरोजा हिरवा पडला तर आधी अत्तराची बाटली आणि साबण आठवावा. सुनेच्या पायगुणाला दोष देणे हा तिच्यावर जुलूम आहे, आणि त्याचा जाब अल्लाहपुढे द्यावा लागेल. रंग बदललेला खडा फार तर सराफाकडून बदलून घेता येतो. दुखावलेल्या मनाचे तसे करता येत नाही.